कंट्रोल रूमची किल्ली

विरारच्या मनवेलपाड्यात पावसाळा सरता सरता एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर खडूने आखलेला एक मोठा आयत दिसू लागतो. तीस फूट बाय वीस फूट. पाण्याच्या टाकीकडची बाजू म्हणजे डावी विंग, डिश अँटेनांकडची उजवी, आणि समोरचा कठडा म्हणजे प्रेक्षक. युवा महोत्सव झालेला असतो किंवा व्हायचा असतो, पुढे एकांकिका स्पर्धांची रांग असते. कॉलेजातून लोकलने परतलेली पोरं वडापाव संपवत जिना चढतात, चपला टाकीखाली काढतात आणि आपापल्या जागा घेतात. खाली रिक्षांचे हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, कुठल्या तरी खिडकीतून मालिकेचं पार्श्वसंगीत. डोंगरावर जीवदानीच्या देवळाचे दिवे लागलेले. नाटकात बापाचा मृत्यू चाललेला असतो आणि शेजारच्या इमारतीतली एक बाई वाळत घातलेले कपडे काढता काढता तो निवांत बघते.

या तालमीतली सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे प्रकाशयोजना. ती तोंडाने होते. कोपऱ्यात वही घेऊन बसलेली मुलगी ‘फेड इन’ म्हणते आणि नट हालचाल सुरू करतात. ‘डाव्या कोपऱ्यात स्पॉट’ म्हणते, मग नायक त्या नसलेल्या स्पॉटमध्ये येऊन उभा राहतो, पाऊलभर चुकला तर दिग्दर्शकाच्या शिव्या खातो. ‘ब्लॅकआउट’ म्हटल्यावर सगळे थिजतात, मग सोसायटीच्या ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात दोघं जण टेबल उचलून नेतात आणि ते कोणालाच दिसलं नाही, असं सगळे धरून चालतात. दहा वाजता सेक्रेटरीचा माणूस दार लावायला येतो. त्यालाही आता ‘ब्लॅकआउट’चा अर्थ कळतो.

अडचण स्पर्धेच्या दिवशी येते. खरा रंगमंच, खऱ्या विंगा, वर बारांना टांगलेले दिवे, आणि सेट लावायला नि लाइट बघायला मिळून हातात जेमतेम काही मिनिटं. काचेपलीकडचा लाइटवाला विचारतो, “कुठला चॅनेल?” आणि वहीवाली मुलगी गप्प होते. तिच्या वहीत ‘संध्याकाळ’ लिहिलेलं असतं, ‘आईची आठवण’ लिहिलेलं असतं. चॅनेल कुठून असणार?

तो शिकायचा कुठे, याचं उत्तर जगभरातली विद्यापीठं हल्ली फार महागड्या इमारतींतून देऊ लागली आहेत. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या ब्राउन विद्यापीठाने ऑक्टोबर २०२३मध्ये आपल्या आवारात लिंडेमन परफॉर्मिंग आर्ट्‌स सेंटर उघडलं. त्याचं मुख्य दालन पाच वेगवेगळी रूपं घेतं. भिंती सरकतात, छत खालीवर होतं, जमीनही हलते. आज मोठ्या वाद्यवृंदाची मैफल, तर उद्या त्याच जागी सपाट जमिनीचा मोकळा चौकोन. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी रेन्सेलर या तंत्रविद्यापीठाने २००८मध्येच ‘एम्पॅक’ नावाचं असं केंद्र उभारलं. तिथल्या १,२०० आसनांच्या सभागृहाचं छत चक्क कापडाचं आहे, आवाज हवा तिथे परतवावा आणि हवा तिथे जाऊ द्यावा म्हणून ताणून बसवलेलं. वाचताना हेवा वाटतो, हे कबूल करायला हरकत नाही.

पण सभागृहाचा आवाज जुळवायच्या या विद्येचा जन्मही एका विद्यापीठाच्या आवारातच झाला, आणि तोही उसन्या सामानावर. हार्वर्डमध्ये १८९५ साली फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधून झालं आणि त्यात कोणाला काही ऐकूच येईना. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर पुढची बारापंधरा अक्षरं त्याच्यावर येऊन पडत. वॉलेस सबाइन नावाच्या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाला दुरुस्तीचं काम मिळालं. त्याच्याजवळ साधनं म्हणजे ऑर्गनची एक नळी, एक स्टॉपवॉच आणि स्वतःचे कान. दिवसा रहदारीचा गोंगाट, म्हणून तो रात्री काम करी. सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या उचलून व्याख्यानगृहात आणायच्या, मांडायच्या, नळी वाजवायची, घुमारा किती सेकंदांनी विरतो ते मोजायचं, आणखी गाद्या आणायच्या, पुन्हा मोजायचं. सकाळच्या आत सगळ्या गाद्या जागेवर परत. आवाज किती शोषला जातो, हे मोजायचं त्याचं पहिलं माप म्हणजे या गादीची लांबी. त्यातून दालनाचं आकारमान, भिंतींचं शोषण आणि घुमारा यांचा हिशेब मांडणारं सूत्र निघालं, आणि त्या सूत्रावर १९००मध्ये बॉस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला. आजही नाट्यगृहाचा आराखडा करणारा कोणीही सबाइनचं सूत्र टाळून पुढे जात नाही. बोलक्या नाटकाला घुमारा साधारण सेकंदभर पुरतो, पाश्चात्त्य वाद्यवृंदाला त्याच्या दुप्पट लागतो. एकाच सभागृहात दोन्ही करायचं म्हटलं की भिंती आणि छत हलवायची वेळ येते, ती याच कारणाने.

सबाइनच्या गोष्टीतली खरी चैन कुठली? रात्री विद्यापीठाची दोन सभागृहं त्याच्यासाठी उघडी होती.

मुंबईत या विद्येचा उत्तम नमुना नरिमन पॉइंटला आहे. एनसीपीए या कलासंस्थेचं टाटा थिएटर १९८०मध्ये उघडलं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची. सतारीचा बारीक मींडकामाचा सूरसुद्धा लाउडस्पीकरशिवाय मागच्या रांगेपर्यंत पोचावा, या हट्टाने ते बांधलेलं आहे, आणि तो हट्ट पुरा झाला आहे. नव्या काळाचं उत्तर वांद्रे-कुर्ला संकुलात मिळतं. नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर ३१ मार्च २०२३ला सुरू झालं. त्याचं ग्रँड थिएटर दोन हजार आसनांचं, शिवाय अडीचशेंचं स्टुडिओ थिएटर आणि सव्वाशेंचं ‘क्यूब’. पडदा वर गेला तो फिरोज अब्बास खान यांच्या भव्य संगीत-नृत्यनाट्यावर. छताला हजारो स्फटिक लखलखतात. ज्यांनी आयुष्यभर मळक्या मखमलीच्या झालरी बघितल्या, त्यांना तिथे मान वर केल्यावर ती लवकर खाली घेववत नाही.

गंमत अशी, की त्या लखलखाटापासून रिक्षाने काही मिनिटांवर मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुल आहे. तिथे २००३पासून अकादमी ऑफ थिएटर आर्ट्‌स चालते. वामन केंद्रे तिचे पहिले संचालक. विद्यापीठाचा संगीत विभाग त्याहून जुना, अशोक रानडे यांच्यासारख्या माणसाने घडवलेला. लोककला अकादमीही कलिन्यातच. नाटक, संगीत, लोककला अशा तिन्ही विद्या शिकवणारी विद्यापीठं महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पालघर जिल्हाही याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. म्हणजे मनवेलपाड्याच्या गच्चीवरच्या पोरांचं हक्काचं आवार खरं तर हेच. वाट मात्र सोपी नाही: सांताक्रूझहून स्लो पकडायची, अंधेरीला उतरून विरार फास्टमध्ये शिरायचं, आणि बोरिवलीला उतरणाऱ्यांनी ‘विरारची गाडी तुमच्या बापाची का’ विचारलं तर हसून मान फिरवायची. विरार ते मुंबई ही गाडी पहिल्यांदा धावली १२ एप्रिल १८६७ला. दीडशेहून जास्त वर्षांत डबे वाढले. उभं राहायची जागा काही वाढली नाही.

या अंतराचा नाटकाशी संबंध आहे. विरारकर पिढ्यान्‌पिढ्या नाटक बघायला बोरिवलीला, पार्ल्याला, दादरला गेले. शेवटचा अंक संपत आला की सभागृहात एक विशिष्ट चुळबुळ सुरू होते, घड्याळं बघितली जातात, ती बहुतेक विरारची असते. शोकांतिकेचा शेवट न बघताच उठून गेलेला प्रेक्षक रसिक नसतो असं नाही. त्याची शेवटची गाडी असते.

तंत्राने सजलेल्या रंगमंचाविषयी मराठी नाटकवाल्याशी बोला, तो लगेच छबिलदासचं नाव काढतो. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ने १९७४पासून प्रायोगिक नाटकं केली. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांची ही संस्था. शाळेचा साधा हॉल, खिडक्यांतून दादरचा कोलाहल, खाली गल्लीत तळणीतून निघणारे बटाटेवडे. तिथून मराठी रंगभूमीची एक अख्खी पिढी निघाली. म्हणून मग मान हलवून म्हटलं जातं, की नाटकाला काय लागतं, दोन बाकडी आणि एक चांगला नट.

यात एक लबाडी आहे. छबिलदासला मंडळी गेली ती तिथली गैरसोय आवडली म्हणून नव्हे. तो हॉल परवडत होता आणि नेमाने मिळत होता. महिन्यातून एकदा पंचतारांकित रंगमंच मिळण्यापेक्षा आठवड्याला चार संध्याकाळी शाळेचा हॉल मिळणं नाटकवाल्याला जास्त मोलाचं. चुकायला वाव मिळतो, चुकलेलं दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतं. गरिबीचं कौतुक करणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं, की त्याच पिढीतल्या कोणालाही विचारलं असतं, ‘बरे दिवे देऊ का?’, तर कोणी नको म्हटलं नसतं.

दिव्यांची गोष्ट तर मुद्दाम सांगावी अशी. विजेचा दिवा हळूहळू मंद करायचा म्हणजे एके काळी मिठाच्या पाण्याची बरणी लागे. पाण्यात धातूच्या दोन पट्ट्या. त्या जवळ आणल्या की दिवा उजळायचा, लांब नेल्या की मावळायचा. विंगेत बसलेला माणूस हाताने संध्याकाळ करी, आणि पाणी तापून वाफ निघू लागली की त्या संध्याकाळीत थोडं धुकंही येत असावं. कोलकात्याच्या तापस सेन यांनी १९५९मध्ये उत्पल दत्तांच्या ‘अंगार’साठी रंगमंचावर कोळशाच्या खाणीत पाणी भरताना दाखवलं. थेंबभर पाण्याशिवाय, निव्वळ दिव्यांच्या जोरावर. लोक खुर्चीत पाय वर घेत, अशी आख्यायिका आहे. आज हेच काम डीएमएक्स नावाच्या पद्धतीने होतं. एका वायरीवरून ५१२ चॅनेल जातात, प्रत्येकावर शून्य ते २५५ अशी पायरी. शून्य म्हणजे काळोख, २५५ म्हणजे भर उजेड. मधल्या पायऱ्यांत दिवेलागण, जुनं पत्र, ताप आलेल्या पोराची खोली, हे सगळं बसवायचं. गच्चीवरच्या वहीतली ‘आईची आठवण’ म्हणजे अंबर जिलेटिनचे दोन दिवे १४०वर आणि पाठीमागून निळा ६०वर, असं काहीतरी असतं. नेमकं काय, ते फेडर हाताने सरकवल्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. पुस्तकात वाचून तर मुळीच नाही. रात्री अकरा वाजता, रिकाम्या सभागृहात, स्टुलावर एका मित्राला बसवून त्याच्या तोंडावर दिवे पाडून बघावे लागतात. मित्र कंटाळतो. तोही अभ्यासक्रमाचाच भाग.

आवार मोकळं मिळालं की काय होतं, हे बघायला पवईला जावं. आयआयटीच्या खुल्या रंगमंचावर दर वर्षी तिथल्या वसतिगृहांमधली मुलं ‘परफॉर्मिंग आर्ट्‌स फेस्टिव्हल’ करतात. नेपथ्य, दिवे, संगीत, नाच, सगळं तीच उभं करतात. रात्र रात्र लाकूड ठोकतात, रंग फासतात. ही मुलं नाटक शिकायला आलेली नाहीत. यंत्रं आणि संगणक शिकायला आलेली आहेत. पण हत्यारं हातात आहेत आणि रंगमंच झोपायच्या खोलीपासून चालत जाण्याइतका जवळ आहे.

पुण्याची तऱ्हा वेगळी. तिथल्या विद्यापीठात १९८७मध्ये ललित कला केंद्र सुरू झालं, गुरुकुल म्हणून ओळखलं गेलं, आणि १९९६पासून बरीच वर्षं सतीश आळेकर तिथे प्रमुख होते. ‘महानिर्वाण’ लिहिणारा नाटककार प्रशासनाच्या फायलींवर सह्या करतो आहे, हे दृश्यच नाटकात घालण्यासारखं. केंद्राच्या ‘अंगणमंचा’वर छप्पर नि मखमल नाही, मात्र विद्यार्थी वर्गातून उठून थेट तिथे जाऊ शकतात. शहरात दोन स्पर्धांनी दोन वाटा पाडल्या आहेत. १९६३पासूनचा पुरुषोत्तम करंडक संहिता, अभिनय, दिग्दर्शन यांच्यावर भर देतो, तर १९७४चा फिरोदिया करंडक गाणं, नाच, चित्रकला, जे जे येतं ते सगळं मांडायला सांगतो. पुण्याची पोरं या दोन्हींत वाढतात आणि आयुष्यभर कुठली खरी यावर भांडतात.

यंत्रं आणली म्हणजे काम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी पणजीला एक चक्कर मारावी. मांडवीच्या काठावरची कला अकादमी ही चार्ल्स कोरिया यांची कृती. दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात शिरलं की भिंतीवर मारिओ मिरांडा यांची चित्रं भेटतात. जुन्या नाट्यगृहाचे सज्जे आणि त्यांत बसलेले गोंयकार प्रेक्षक. सभागृह अर्धं रिकामं असलं तरी नटाला घर भरल्यासारखं वाटावं! इतक्या स्वस्तात इतकं नामी तंत्र दुसरं नसेल. याच वास्तूचं कोट्यवधींचं नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३मध्ये खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात वास्तू पुन्हा खुली झाली, आणि ध्वनी-प्रकाश ठीक नाही म्हणून कलावंतच तक्रारी करू लागले. शेवटी विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली रंगकर्मींची एक समिती नेमली गेली. ज्यांनी पहिल्या दिवशी टेबलाशी बसायला हवं होतं, ते शेवटी बसले.

आणि काही तंत्र असं असतं, की ते आहे हे प्रेक्षकाला कधी कळूही नये. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५मध्ये पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली ती वास्तू. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. रस्त्यावर उभे राहून माणसं रडली. नरिमन पॉइंटचं जमशेद भाभा थिएटरही १९९९मध्ये खुलं होण्याआधी एकदा आगीत सापडलं होतं. रंगमंच म्हणजे कापड, लाकूड, रंग आणि तापलेले दिवे. उद्घाटनाच्या भाषणांत एलईडी भिंतीचं नाव पाच वेळा येतं. आगीच्या पडद्याचं, पाण्याच्या फवाऱ्यांचं, बाहेर उघडणाऱ्या दारांचं एकदाही येत नाही.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या नव्या सभागृहांत शिरलं की एक चित्र वारंवार दिसतं. पुढच्या रांगेत सोफे. मंचावर पोडियम, मागे समारंभाच्या नावाची पाटी चिकटवायला सपाट भिंत, विंगा नाहीतच किंवा इतक्या अरुंद की टेबल आत जात नाही. वातानुकूलन झकास. कंट्रोल रूमला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई पाच वाजता घरी. सामान किमती आहे म्हणून मुलांना हात लावू देत नाहीत, आणि हात लावत नाही म्हणून मुलांना ते येत नाही. मग वार्षिक स्नेहसंमेलनाला बाहेरचा साउंडवाला बोलावला जातो. तो आपलं सामान टेम्पोतून घेऊन येतो.

वसई-विरारमध्ये नाटकाची हौस कमी नाही. डिसेंबरातला कला-क्रीडा महोत्सव आहे, गावागावांतल्या ख्रिस्ती वस्त्यांत नाताळच्या सुमारास होणारी नाटुकली आहेत, गणपती-नवरात्राची मंडळं आहेत. २००९मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहरात इमारती इतक्या वेगाने वाढल्या, की दोन गच्च्यांमधून आवाज ऐकू जावा इतकं अंतर उरलं. अशा ठिकाणी उद्या एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात अद्ययावत रंगमंच उभा राहायचा असेल, तर जरूर राहावा, आणि चांगला महाग राहावा. मात्र अंदाजपत्रक करणाऱ्यांनी दिव्यांच्या किमतीखाली दोन पूर्णवेळ तंत्रज्ञांचा पगारही लिहावा, आणि त्यांच्या कामात मुलांना शिकवणं हे स्पष्ट शब्दांत घालावं. आराखडा पक्का होण्याआधी तो एखाद्या नेपथ्यकाराला आणि एखाद्या लाइटवाल्याला दाखवावा. सभागृह रात्री अकरापर्यंत उघडं ठेवावं. कंट्रोल रूमची एक किल्ली विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळाकडे सही घेऊन द्यावी. दोन दिवे फुटतील, एखादा फेडर बिघडेल, ती रक्कम प्रयोगशाळेत फुटणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या खात्यावर टाकावी. आणि उद्घाटनाला बाहेरचा ऑर्केस्ट्रा बोलावू नये. पहिला प्रयोग गच्चीवर बसवलेल्या एकांकिकेचा लावावा, आणि लाइटला त्यांचीच मुलगी बसवावी.